चावणारा नळ

मोरीतल्या नळाच्या चावीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. बोटभर रुंदीची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवलेला, शेवटचं टोक आत खोचलेलं आणि वरून पांढऱ्या दोऱ्याची गाठ. अंगठा जिथं टेकतो तिथं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. म्हणजे पट्टी आजकालची नव्हे, निदान दोन-तीन उन्हाळे तरी जुनी. रंजितानं ती नीट पाहिली. मायच्या बोटांची पकड सैल झाली असणार, चावी निसटत असणार, असं तिनं ठरवलं आणि हातातल्या कागदावर लिहिलं, 'नळ लांब दांडीचा घेणे.'

निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला होता. पण ते कळायला दुपार व्हायची होती.

रविवार होता. बिरसी गावात धानाची मळणी उरकली होती, घराघराच्या मागं तणसाचे ढीग लागले होते आणि सकाळची थंडी ऊन चढलं तरी मोरीच्या फरशीतून हटत नव्हती. याच फरशीवर पंधरवड्यापूर्वी माय, म्हणजे कुसुमबाई, पडता पडता वाचली होती. चुलीवरून उकळत्या पाण्याचा गंज, ते मोठं पातेलं, उचलून मोरीत नेताना दुखरा खांदा ऐनवेळी दगा देऊन गेला आणि पाणी पायावर सांडलं. पाय फार भाजला नाही, पण फोड आले. गोंदियाला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या तिच्या एकुलत्या एक लेकीला ही बातमी चार दिवसांनी कळली, तीही शेजारच्या धुरपताबाईकडून.

रंजितानं लगेच उपाय काढला. तिचे उपाय नेहमी लगेच निघत. बाबा गेल्यापासून माय एकटी, म्हणून आधी फ्रिज आला. लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर आला. पाटा-वरवंटा होत नाही म्हणून मिक्सर आला. आता भिंतीवर बसवायचा विजेचा शॉवर येणार होता: चावी फिरवली की थेट कोमट पाणी, ना चूल, ना गंज, ना उचल. तिनं हिशेब मांडला होता. यंत्र साडेतीन किलोवॅटचं, म्हणजे पंधरा अँपियरच्या वर. त्याला मीटरपासून वेगळी जाड तार, वेगळा एमसीबी, मीठ-कोळशाचा खड्डा करून नवं अर्थिंग. टाकी दोन हात उंच करायची, नाहीतर पाण्याला जोर येणार नाही. बोअरपासून मोरीपर्यंतचा गंजका लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचा टाकायचा. शॉवर पुढच्या रविवारी बसणार होता. आज फक्त पाण्याची आणि विजेची तयारी.

"आता पाऊस घरातच पाडतेस काय वो मास्तरीण?" धुरपताबाई दारातूनच ओरडली. हातात तांदळाच्या पापडांची टोपली, डोळ्यांत उत्सुकता.

"कोमट पाऊस, मावशी."

"बरं आहे बाई. लेक मशीन धाडते, मशीन काम करते. एक मशीन गप्पा मारणारी भेटते का पाहा ना कुठी. कुसुम दिवसभर त्या विमानाईसंग बोलत राह्यते." तिनं वर बोट दाखवलं. गावाजवळच्या धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ वैमानिकांचं एक छोटं विमान घरघरत वळण घेत होतं.

"काहीही बोलते हे धुरपता," कुसुमबाई चुलीजवळून म्हणाली. "विमान ऐकते कुठी माझं."

दोघी हसल्या. रंजिताही हसली, पण तिचं हसू अर्ध्यावर थांबलं.

कारण एक वाक्य होतं, जे ती गेली कित्येक वर्षं मायला म्हणायचं ठरवत होती, आणि प्रत्येक मशीन त्या वाक्याच्या जागी येत होतं. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. शास्त्र शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवणं थोडं अवघड जातं, इतकंच.

बाबांच्या मागचा विधी, पुण्यानुमोदन, झाल्यावर कुसुमबाई एक रेक्झिनची थैली घेऊन गोंदियाच्या फ्लॅटवर राहायला आली होती. फ्लॅट दोन खोल्यांचा. रंजितानं लग्न केलं नव्हतं, राहणारी ती एकटीच, पण आतल्या खोलीत बाकं होती. पहाटे सहाला बारावीची बॅच, संध्याकाळी अकरावीच्या दोन. तिच्या शिकवणीला शहरात नाव होतं, आणि ते नाव तिनं कुणाच्या आधाराशिवाय कमावलं होतं. माय बाहेरच्या खोलीत झोपे. पहाटे पोरं यायच्या आत अंथरूण गुंडाळून स्वयंपाकघरात जाऊन बसे आणि बॅच सुटेपर्यंत तिथंच बसून राही. खोकला आला तर पदर तोंडात कोंबे. रंजिताला फळ्यासमोर उभं असताना तो दाबलेला खोकला ऐकू येई आणि तिचं सूत्र चुके.

एका संध्याकाळी ती म्हणाली होती, "माय, तुला इथं करमत नाही ना?"

कुसुमबाईनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं. मग म्हणाली, "हो ना वो. नाही करमत." दुसऱ्या दिवशी ती बसनं परत गेली.

प्रश्न असा विचारला होता की उत्तर त्यातच होतं. वर्गात एखाद्या पोरानं असा प्रयोग मांडला असता तर रंजितानं त्याला उभं केलं असतं. तेव्हापासून ती दर वर्षी ठरवी, एवढी बॅच सुटली की नवी घ्यायची नाही, आतली खोली रिकामी करायची, मायला आणायचं. जूनमध्ये नवे पालक येत, "मॅडम, आमच्या पोरीचं तुमच्याचकडं," म्हणत, आणि ठरवलेलं पुढच्या जूनवर जाई.

मुन्ना आला तो मोटरसायकलवर पाइपांचा भारा बांधून. प्लंबिंगही तोच करी, वायरिंगही तोच. गोंदियात वाढलेला, तोंडात निम्मी हिंदी. त्यानं आत येऊन भिंत ठोकून पाहिली, रंजितानं खडूनं मारलेली रेघ पाहिली आणि मान हलवली.

"मॅडम, आपने तो पूरा नकाशाच काढून ठेवला. मी कायले आलो मंग?"

"भोकं पाडायला. ते मला येत नाही."

"चला, काही तरी नाही येत तुमाले," मुन्ना म्हणाला आणि धुरपताबाई खदखदून हसली.

तासाभरात झिरीचं, तार बसवायच्या भिंतीतल्या खाचेचं, पहिलं हातभर काम झालं. भिंत कापायची मशीन घरघरत होती, लाल विटांची भुकटी उडत होती, कुसुमबाईनं पिठाच्या डब्यावर ओलं फडकं टाकलं होतं. मग मुन्ना म्हणाला, आधी जुना पाइप काढून घेऊ, म्हणजे मोरीतली जागा मोकळी होईल. बोअरवरून निघालेला तो लोखंडी पाइप अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या भिंतीनं मोरीत शिरत होता. मुन्ना अंगणात उकिडवा बसला आणि बोअरच्या बाजूनं हातभर जागा सोडून आरी चालवू लागला. मेन स्विच चालूच होता. वायरिंगच्या वेळी तो बंद करायचा, हे रंजिताच्या कागदावर लिहिलेलं होतं. पाण्याच्या कामाला लाईट बंद करायची असते, हे मात्र ना तिच्या कागदावर होतं, ना मुन्नाच्या डोक्यात.

आरीचा आवाज बारीक होत गेला. पाइप तुटला. त्याच क्षणी मुन्ना "अरे बाप रे" म्हणून मागं कोसळला. आरी लांब जाऊन पडली.

"काय झालं?"

"करंट!" तो बसल्या जागी डावा हात झटकत होता. चेहरा पांढरा पडला होता. "मॅडम, पाइप में करंट है!"

आतून धुरपताबाईचा आवाज आला. "कुसुम, फोटोजवळचा दिवा काऊन गेला वो?"

समोरच्या खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींमध्ये एक झिरोचा बल्ब रात्रंदिवस जळत असे. रंजितानं दारातून पाहिलं. बल्ब विझला होता. स्वयंपाकघरातला दिवा मात्र चालू होता. एक दिवा गेला, दुसरा आहे, आणि पाइपमध्ये वीज आहे. या तीन गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींना चिकटायला श्वासभर वेळ लागला. तेवढ्यात तिला दिसलं, की माय मुन्नासाठी पाणी घ्यायला तांब्या घेऊन मोरीत शिरते आहे. पाइप तुटला तरी त्यात उरलेलं पाणी होतंच. तिचा हात नळाकडं गेला होता.

"माय! हात नको लावू!"

रंजिता इतक्या मोठ्यानं कधी ओरडली नव्हती. कुसुमबाईचा हात चावीपासून वीतभर अंतरावर थांबला. ती वळून शांतपणे म्हणाली,

"काऊन? रबर आहे ना त्याले."

रंजितानं आधी धावत जाऊन मेन स्विच पाडला, इन्व्हर्टरही बंद केला. मग मायला मोरीतून बाहेर आणलं, ओट्यावर बसवलं, मुन्नाला पाणी दिलं, त्याच्या मनगटाची नाडी पाहिली. ती जोरात पण नीट चालली होती. हे सगळं तिनं क्रमानं केलं. मग ती मायशेजारी बसली.

"रबर कशासाठी लावलं होतंस?"

"नळ चावते म्हणून. सांगत होती ना मी तुले फोनवर."

सांगत होती. रंजिताला ते फोन आठवले, आणि आठवताना त्यातला शब्दन् शब्द ऐकू आला. 'रंजू, नळ चावते वो मले. उन्हाळ्यात जास्तच चावते.' आणि ती वह्या तपासता तपासता म्हणाली होती, 'हाताला मुंग्या येतात म्हणजे नसा कमजोर झाल्या असतील माय, या वयात होतं.' त्यावर माय म्हणाली होती, 'हाताले नाही वो, नळाले.' रंजिता हसली होती. दुसऱ्या दिवशी तिनं ताकदीच्या गोळ्यांचं पाकीट धाडलं होतं.

"त्या गोळ्या..." तिनं विचारलं.

"खाल्ल्या ना सगळ्या. तू धाडल्या म्हणून." कुसुमबाई जरा विचार करून म्हणाली, "नळाचं चावणं काही कमी नाही झालं. पण भूक लागे बाई चांगली."

धुरपताबाई हसली. एकटीच हसली.

मुन्नाचा हात अजून बधिर होता, म्हणून तार शोधायचं काम रंजितानं घेतलं. समोरच्या खोलीतला पंखा आणि तो झिरोचा बल्ब एकाच बोर्डावर होते. बोर्डाच्या मागून निघालेली काळी तार भिंतीच्या कडेनं, कपड्यांच्या खुंट्यांच्या मागून, स्वयंपाकघरात गेली होती आणि फळीच्या आड, पाइपवर तीन पिळे देऊन बांधलेली होती. पिळे घट्ट आणि एकसारखे. असे पिळे बाबाच देत.

बाबा म्हणजे भोजराज; तो राईस मिलमध्ये कामाला होता. मिलमधली कुठलीही मोटर अडली की लोक त्यालाच हाक मारत. एका पावसाळ्यात उंदरांनी त्या खोलीची परतीची, न्यूट्रलची तार कुरतडली तेव्हा तसबिरींजवळचा दिवा गेला. तो दिवा विझलेला त्याला चालला नसता. नवी तार ओढायला छपराचे कवेलू काढावे लागले असते, पावसात ते कोण काढणार. तेव्हा त्यानं तार पाइपला बांधून दिली. गावात शेतावर, मंडपात, वीज अर्धवट आली की लोक हेच करतात: एक तार लाईनची, दुसरी जमिनीची. दिवा लागतो. पावसाळा संपला की नीट करू, असं तो म्हणाला असणार. मग तो आजारी पडला आणि दिवा जळत राहिला.

वीज बल्बमधून पाइपमध्ये, पाइपमधून बोअरमध्ये, बोअरमधून जमिनीत जात होती. उन्हाळ्यात पंखा चाले, म्हणजे जास्त वीज. जमीन सुके, म्हणजे तिला वाट अवघड. मग ती नळावर साठे आणि ओल्या हाताला चावे. उन्हाळ्यात जास्त. मायचं प्रत्येक निरीक्षण बरोबर होतं, आणि रंजिता हा धडा दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होती. पाइप आज आरीनं तुटला, तशी जमिनीची वाटही तुटली आणि सगळी वीज नळाच्या बाजूला अडली. तो गंजून आपोआप तुटला असता, एखाद्या सकाळी, माय एकटी मोरीत असताना, तर? या 'तर'च्या पुढं ती गेली नाही. तारेचे पिळे सोडवताना तिच्या बोटांना आणखी काही करायचं सुचेना, म्हणून सुटलेली तार ती उगीचच सरळ करत बसली.

तारेच्या वाटेवरची शेवटची खुंटी रिकामी करताना तिच्या हाताला एक रेक्झिनची थैली लागली. रिकामी, घडी घातलेली. तिनं ती ओळखली.

"ते ठेव तिकडे, कोठीवर," कुसुमबाई मागून म्हणाली. ती चहाचे कप घेऊन आली होती. "पयले एक-दोन वर्ष भरूनच ठेवली होती मी. दोन लुगडे, चादर, गोळ्या. तू कधी म्हणशील त्याचा काही नेम नाही ना. मग लुगड्याईले कसर लागून राहिली, तं काढून घेतले."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कापडाला कसर लागते, एवढीच माहिती ती देत होती. चहाचा कप तिनं रंजिताच्या हाती दिला आणि दुसरा मुन्नाला द्यायला बाहेर गेली.

रंजिता थैली हातात घेऊन उभी राहिली. तिला स्वयंपाकघरातला तो दाबलेला खोकला आठवला. गेल्या वर्षी जूनमध्ये कोण कोण पालक आले होते तेही आठवलं. त्यांतल्या एकाही पोरीचा चेहरा तिला या घटकेला नीट आठवेना. त्यांना शिकवणारे शहरात आणखी होते. ते तेव्हाही होते. ही गोष्ट तिला तेव्हाही माहीत होती, आणि तिनं तिचा हिशेब कधी मांडलाच नव्हता.

अंगणात मुन्नाच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. तो चहा फुंकत होता.

"अम्मा, तुमचा नळ तुमच्यापेक्षा मलेच जास्त चावला."

"नवीन माणूस दिसला त्याले," कुसुमबाई म्हणाली. "माझी तं वळख आहे."

"दुसरं लगीन कर म्हणा आता त्याले, प्लास्टिकसंग," धुरपताबाईनं भर घातली.

रंजिता दारात आली तसा मुन्ना उठला आणि सरळ मुद्द्यावर आला. "मॅडम, सच बोलू का? ये घर का वायरिंग पूरा निकालना पड़ेगा. शॉवर तो बाद की बात. आज झिरी पूरी करून घेतो, कल से तार. तुम्ही हो म्हणा, मी दोन माणसं घेऊन येतो. आठ दिवसांत घर एकदम चकाचक."

त्यानं मशीन उचलली आणि टोक खडूच्या रेघेवर, जिथं काम थांबलं होतं तिथं टेकवलं. "लाईन चालू करा. पाडू ना पुढं?"

कुसुमबाई तिकडं पाहत नव्हती. ती रिकामे कप गोळा करत होती. "करून टाका बापू, तुमाले जे करायचं ते," ती म्हणाली. "रंजूनं ठरवलं तं चांगलंच असंन."

सगळं करता आलं असतं. नवी तार, नवा खड्डा, नवा पाइप. वीज गळली तर आपोआप पडणारा स्विच. उंच टाकी, जोराचं कोमट पाणी. रंजिता ते बिनचूक करून घेऊ शकली असती. आठ दिवसांत या घरात एकही चावणारी वस्तू उरली नसती. मग तिनं रविवारी संध्याकाळी स्कूटर काढली असती, आणि माय फाटकाशी उभी राहून म्हणाली असती, हळू जा वो.

मुन्ना वाट पाहत होता. वरून विमान गेलं. ते गेल्यावर बोलणं टाळायला काहीच कारण उरलं नाही.  फळ्यासमोर कधी न अडखळणारी रंजिता पहिल्या शब्दालाच अडखळली. तिनं तो गिळला आणि मुन्नाकडं नव्हे, मायकडं वळून पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिनं प्रश्न विचारला नाही.

"माय, मी शिकवण्या बंद करून राहिली. तू माझ्याकडे चल. चार दिवस नाही, राह्यालेच चल."